विश्लेषण : अणुकेंद्रक एकच, आकार मात्र तीन! शिशाच्या या कोड्यात नेमके दडलेय काय?

बारावीच्या पुस्तकातले अणुकेंद्रक गोल असते. प्रत्यक्षात शिसे, पारा अशा जड मूलद्रव्यांची काही केंद्रके जवळपास सारख्याच ऊर्जेत गोल, चपटी किंवा लांबट असू शकतात. हे गणित कसे मांडतात, ते अवघड कुठे होते आणि नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात काय आहे?

लातूरच्या शिकवणी वर्गातल्या किंवा नांदेडच्या अभ्यासिकेतल्या बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विचारा. तो एका दमात सांगेल : अणुकेंद्रकाची त्रिज्या म्हणजे १.२ फेम्टोमीटर गुणिले वस्तुमानांकाचे घनमूळ. फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. शिसे-२०८ या केंद्रकासाठी उत्तर येते सुमारे ७.१ फेम्टोमीटर. पर्यायावर खूण केली, की चार गुण पक्के.

सूत्र परीक्षेपुरते बरोबर आहे. पण त्यात एक गृहीतक आहे : केंद्रक गोल असते. शिसे-२०८ खरोखरच गोल आहे. मात्र त्याच शिशाचा हलका भाऊ, शिसे-१८६, वेगळाच निघाला. त्याच्या सर्वात खालच्या तीन अवस्थांचे तीन वेगळे आकार आहेत आणि त्यांच्या ऊर्जांमधला फरक अगदी किरकोळ आहे. याला भौतिकशास्त्रात ‘आकारांचे सहअस्तित्व’ म्हणतात.

गोल नाही, तर मग कसे?

केंद्रकाचे तीन मुख्य आकार घरातल्या वस्तूंवरून समजून घेता येतील.

• गोल : लाडवासारखा. कुठूनही पाहा, सारखाच.
• चपटा : पेढ्यासारखा. वरून-खालून दाबलेला.
• लांबट : जांभळासारखा. एका दिशेने ताणलेला.

ताण फार मोठा नसतो. चांगल्या लांबट केंद्रकाची लांबी रुंदीपेक्षा साधारण पावपट जास्त भरते. युरेनियमचे केंद्रक असेच लांबट आहे. रेडियम-२२४ चे केंद्रक तर पेर फळासारखे, म्हणजे एका बाजूला निमुळते असल्याचे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

केंद्रक लांबट असणे ही आता नवलाई राहिलेली नाही. त्याचा पाया रचणाऱ्या जेम्स रेनवॉटर, ओए बोर आणि बेन मॉटेलसन यांना १९७५ मध्ये नोबेलही मिळाले. नवल पुढचे आहे. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन तेवढेच, तरीही केंद्रकाला दोन-तीन आकार जवळपास सारख्याच ‘खर्चात’ उपलब्ध असतात.

हे पहिल्यांदा कळले कधी?

कल्पना जुनी आहे. जपानी शास्त्रज्ञ हारुहिको मोरिनागा यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन-१६ बद्दल असा तर्क मांडला. या केंद्रकाची सर्वात खालची अवस्था गोल आहे, पण सुमारे ६ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट वरची एक अवस्था लांबट असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

जड केंद्रकांमधला मोठा धक्का १९७२ चा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘आयसोल्डे’ केंद्रात अर्न्स्ट ऑटन यांचा गट पाऱ्याचे समस्थानिक तपासत होता. अणूतून येणाऱ्या प्रकाशाच्या रंगात जो अगदी बारीक फरक पडतो, त्यावरून केंद्रक किती मोठे आहे हे काढता येते. न्यूट्रॉन कमी करत गेले, की केंद्रक थोडे थोडे लहान होणार, ही अपेक्षा होती. पारा-१८७ पर्यंत तसेच झाले.

पारा-१८५ वर मात्र केंद्रक लहान होण्याऐवजी एकदम फुगले. त्याच्याहून बऱ्याच जड समस्थानिकांशी बरोबरी करण्याइतके ते मोठे होते. पुढच्या प्रयोगांत आणखी गंमत दिसली. पारा-१८४ पुन्हा लहान, १८३ पुन्हा मोठे. एका न्यूट्रॉनच्या फरकाने केंद्रक एका आकारातून दुसऱ्यात उडी मारत होते.

ही उड्यांची मालिका संपते कुठे, हे कळायला २०१८ उजाडले. आयसोल्डेतच पारा-१७७ पर्यंतचे मोजमाप झाले आणि १८१ च्या खाली केंद्रके पुन्हा शिस्तीत लहान होत जातात, हे स्पष्ट झाले. म्हणजे उड्या मारणारी केंद्रके तीनच : १८१, १८३ आणि १८५.

शिसे-१८६ चे तीन आकार २००० मध्ये समोर आले. जर्मनीतील डार्मश्टाट येथील जीएसआय प्रयोगशाळेत पोलोनियम-१९० च्या अल्फा क्षयातून हे केंद्रक तयार झाले. त्याची सर्वात खालची अवस्था गोल. तिच्यावर ०.५३ आणि ०.६५ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणखी दोन अवस्था आहेत. त्यातली एक चपटी आणि एक लांबट, असा निष्कर्ष निघाला.

पण दोन आकार शक्य होतातच का?

कारण केंद्रकात दोन शक्तींची रस्सीखेच चालते.

एका टोकाला ‘जादुई संख्या’ आहेत : २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६. मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये दाखवले, की प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन एवढ्या संख्येत असले, की एक कवच पूर्ण भरते. हे म्हणजे एसटीच्या गाडीतली सगळी आसने भरण्यासारखे. भरलेले कवच केंद्रकाला गोल ठेवते. शिशात ८२ प्रोटॉन असतात, म्हणून त्याचा ओढा गोलाकाराकडे.

दुसऱ्या टोकाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे परस्पर आकर्षण आहे. ८२ च्या कवचातून प्रोटॉनची एक जोडी वरच्या रिकाम्या कवचात ढकलायची, तर ऊर्जा मोजावी लागते. पण वर गेलेले प्रोटॉन आणि खाली उरलेली रिकामी जागा, दोन्ही न्यूट्रॉनबरोबर जुळवून घेऊ शकतात. सगळे मिळून ताणलेला आकार घेतात आणि त्यातून ऊर्जेची बचत होते.

ही बचत केव्हा सर्वाधिक? न्यूट्रॉनचे कवच अर्धे भरलेले असते तेव्हा. न्यूट्रॉनसाठी ८२ आणि १२६ या दोन जादुई संख्यांचा मध्य येतो १०४. आणि शिसे-१८६ मध्ये ८२ प्रोटॉन वजा केले, तर उरतात बरोबर १०४ न्यूट्रॉन!

म्हणजे या केंद्रकात मोजलेली किंमत आणि झालेली बचत जवळपास सारखी होते. गोल राहणे आणि ताणून घेणे, दोन्ही व्यवहार परवडतात.

याचे गणित मांडतात कसे?

मराठवाड्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. बालाघाटच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस उतार मिळेल तिकडे धावतो. काही पाणी उत्तरेला गोदावरीच्या खोऱ्यात जाते, काही दक्षिणेला मांजरेच्या. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. मधली डोंगररांग मात्र दोन खोरी वेगळी ठेवते.

केंद्रकाचे सैद्धांतिक गणितही असाच नकाशा बनवते. जमिनीच्या उंचीच्या जागी ऊर्जा आणि दिशांच्या जागी आकार. संगणकाला सांगितले जाते : केंद्रक इतके चपटे धर आणि ऊर्जा काढ. आता थोडे कमी चपटे. आता गोल. आता लांबट. प्रत्येक आकाराची ऊर्जा मांडत गेले, की नकाशावर डोंगर आणि खोरी उमटतात. एकच खोल खोरे असेल, तर केंद्रकाचा आकार एक. सारख्या खोलीची दोन-तीन खोरी असतील, तर सहअस्तित्वाची शक्यता.

पण पावसाचे पाणी आणि केंद्रक यांत एक फरक आहे. पाणी एकाच खोऱ्यात उतरते. केंद्रक क्वांटम नियमाने चालते, ते डोंगराच्या आरपार दोन्ही खोऱ्यांत थोडे थोडे असू शकते. त्यामुळे प्रत्यक्ष अवस्था ही आकारांची सरमिसळ असते, कुठे एकाचा भाग जास्त, कुठे दुसऱ्याचा. नकाशा काढणे ही गणिताची पहिली पायरी, सरमिसळ मोजणे ही दुसरी आणि जास्त कष्टाची. त्यासाठी डेव्हिड हिल आणि जॉन व्हीलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली पद्धत आजही वापरली जाते.

नकाशा काढण्याचे मार्ग कोणते?

• थेंब अधिक दुरुस्ती : केंद्रकाला द्रवाचा थेंब मानायचे आणि कवचांच्या परिणामाची भर घालायची. व्हिलेन स्ट्रुटिन्स्की यांनी १९६७ मध्ये ही पद्धत पक्की केली. गणित वेगवान, त्यामुळे हजारो केंद्रकांसाठी सोयीची.

• सरासरी क्षेत्र : प्रत्येक कण बाकी सगळ्यांनी मिळून तयार केलेल्या क्षेत्रात फिरतो, असे मानायचे. कण क्षेत्र घडवतात, क्षेत्र कणांना हलवते. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत संगणक तेच गणित पुन्हा पुन्हा करतो.

• कवच प्रारूप : कणांच्या शक्य त्या सगळ्या मांडण्या विचारात घ्यायच्या. सर्वात तपशीलवार, पण जड केंद्रकात मांडण्यांची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून ताकाहारू ओत्सुका यांच्या जपानी गटाने महत्त्वाच्या मांडण्या निवडून घेणारी ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत विकसित केली. पाऱ्याच्या उड्यांचा उलगडा २०१८ मध्ये याच पद्धतीने, महासंगणकावर झाला.

मग अडचण कुठे येते?

अडचण आहे ती वजनकाट्याची.

शिसे-१८६ चे सगळे कण सुटे करायचे, तर सुमारे १,४५० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागेल. तीन आकारांमधला फरक आहे अर्ध्या-पाऊण मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा. म्हणजे साधारण अडीच हजारांत एक भाग.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घेऊन आलेला १५ टनांचा ट्रक भुईकाट्यावर उभा आहे, असे समजा. ट्रकमध्ये ड्रायव्हरची पाच-सहा किलोंची पिशवी आहे की नाही, हे त्या काट्यावरून सांगायचे. केंद्रकाच्या प्रारूपाकडून अपेक्षा नेमकी तेवढी आहे. त्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलाचे अचूक, सोपे सूत्र हाताशी नाही. प्रत्येक प्रारूपात काही आकडे प्रयोगांवरून बसवलेले असतात. ते जरासे बदलले, की खोऱ्यांची खोली बदलते. एक प्रारूप म्हणते चपटा आकार खाली, दुसरे म्हणते लांबट.

प्रयोगालाही चकवा बसतो. शिसे-१८६ चेच उदाहरण घ्या. २००० च्या निष्कर्षानुसार ०.५३ वरची अवस्था चपटी आणि ०.६५ वरची लांबट होती. फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठातील वेगवान यंत्रणेवर गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन दोन्ही एकाच वेळी टिपले गेले, तेव्हा चित्र उलटे निघाले. खालची अवस्था प्रामुख्याने लांबट आणि वरची चपटी, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. २२ वर्षे दोन पाट्या अदलाबदल होऊन लागल्या होत्या!

यातून पुढच्या प्रारूपांना नवी कसोटी मिळाली. केवळ ऊर्जेचा आकडा जुळून चालणार नाही, कोणत्या आकाराची अवस्था कुठे बसते, हेही बरोबर यावे लागेल.

महाराष्ट्राचा यात वाटा काय?

सरासरी क्षेत्राच्या पद्धतीत मुंबईचे नाव जगभर घेतले जाते. आयआयटी मुंबईचे वाय. के. गंभीर यांनी जर्मनीचे पीटर रिंग आणि ए. थिमेट यांच्यासोबत १९९० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ फिजिक्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सापेक्षतेचे नियम पाळून, गोल आणि ताणलेल्या अशा दोन्ही केंद्रकांचे गणित संगणकावर कसे सोडवायचे, याची पद्धत त्यात होती. केंद्रकातील कण मेसॉन नावाच्या कणांची देवाणघेवाण करून एकमेकांना बांधून ठेवतात, हा तिचा पाया. पुढच्या पिढीतील अनेक संशोधकांनी ताणलेल्या केंद्रकांच्या अभ्यासासाठी याच निबंधाचा आधार घेतला.

प्रयोगांची बाजू कुलाब्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्रासोबत उभारलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. पुढे त्याला अतिवाहक वर्धकाची जोड मिळाली. केंद्रकातून निघणारे गॅमा किरण टिपणारा ‘इंगा’ हा राष्ट्रीय संच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील केंद्रांत आळीपाळीने बसवला जातो. केंद्रक फिरू लागले, की त्याचे गॅमा किरण ठरावीक अंतराच्या पायऱ्यांनी येतात. या पायऱ्यांवरून आकार ओळखता येतो. कारण क्वांटम नियमानुसार पूर्ण गोल केंद्रकाचे फिरणे दिसूच शकत नाही.

याचा उपयोग काय?

पहिला उपयोग अणुविखंडनाच्या आकलनाचा. युरेनियमसारखे केंद्रक फुटते, म्हणजे आकार बदलत, ताणत ताणत तुटते. रशियातील डुब्ना येथे १९६२ मध्ये अमेरिशियम-२४२ ची एक विचित्र अवस्था सापडली. ती अवघ्या १४ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्याने आपोआप फुटत होती. स्ट्रुटिन्स्की यांच्या गणिताने उत्तर दिले. फुटण्याच्या वाटेवर एक नव्हे, दोन डोंगर आहेत आणि त्यांच्या मधल्या खोऱ्यात केंद्रक अडकते. तिथे त्याची लांबी रुंदीच्या जवळपास दुप्पट असते. तोही सहअस्तित्वाचाच प्रकार.

दुसरा उपयोग सोन्याचा. नांदेडच्या सराफ्यातले सोने पृथ्वीवर बनलेले नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारख्या घटनांत केंद्रके भराभर न्यूट्रॉन गिळतात आणि त्यातून जड मूलद्रव्ये घडतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या आणि तिच्या प्रकाशाने या कल्पनेला भक्कम आधार दिला. वाटेत तयार होणारी बहुतेक केंद्रके प्रयोगशाळेत बनवता येत नाहीत. त्यांचे वस्तुमान आणि क्षयाचा वेग प्रारूपांवरूनच काढावे लागतात. आकार चुकला, तर दोन्ही चुकतात.

अशा लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांना वाट आहे का?

‘लातूर पॅटर्न’ची ओळख वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांची. दरवर्षी हजारो मुले भौतिकशास्त्र मन लावून शिकतात, पण त्यातल्या बहुतेकांसाठी तो विषय प्रवेश परीक्षेच्या दिवशी संपतो. पुढे शिकणाऱ्याला आपल्या गावात वेगवर्धक नाही, ही पहिली अडचण वाटते.

सैद्धांतिक प्रारूपांचे क्षेत्र इथे वेगळे ठरते. त्याला लागतो संगणक, गणित आणि चिकाटी.

• आकडेवारी खुली आहे : केंद्रकांच्या ऊर्जा, अर्धायुष्ये आणि आकारांची मोजमापे अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय केंद्र इंटरनेटवर मोफत देते. मोबाइलवरही पाहता येतात.

• प्रणाली खुल्या आहेत : ताणलेल्या केंद्रकांसाठीची ‘एचएफबीटीएचओ’सारखी प्रणाली संशोधकांनी सर्वांसाठी प्रसिद्ध केली आहे. एका केंद्रकाचे साधे गणित लॅपटॉपवरही होते. मोठ्या गणितासाठी पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारखे महासंगणक देशात आहेत.

• शिक्षण जवळ आहे : १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पुढे नेट, गेट किंवा जेस्ट परीक्षेतून राष्ट्रीय संस्थांतील पीएचडीची दारे उघडतात.

• प्रयोगाची सोय आहे : दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र देशभरातल्या विद्यापीठांसाठीच उभारलेले आहे. तेथील वेगवर्धकावर कोणत्याही विद्यापीठातील संशोधक प्रस्ताव देऊन काम करू शकतो.

अर्थात, प्रणाली उतरवून घेतली म्हणजे संशोधन झाले, असे नाही. क्वांटम यांत्रिकी, रेषीय बीजगणित आणि फोरट्रान किंवा पायथनची ओळख हवी. चांगला मार्गदर्शक हवा. एका आलेखामागे महिनोन्महिने जातात. पण वेगवर्धकाअभावी हे दार बंद आहे, असे कोणी म्हणू शकत नाही.

पुढे काय?

कवच अर्धे भरलेले असलेल्या आणखी केंद्रकांकडे आता लक्ष आहे. पोलोनियम, प्लॅटिनम आणि शिशाचे आणखी हलके समस्थानिक तपासले जात आहेत. एकाच प्रारूपातून सगळ्यांचे आकार, ऊर्जा आणि सरमिसळ बरोबर यावी, हे ध्येय अजून दूर आहे. शिसे-१८६ च्या पाट्या बदलायला २२ वर्षे लागली. अशा आणखी किती पाट्या चुकीच्या लागल्या असतील, हे शोधायला नवे संशोधक लागणार आहेत.

तोवर परीक्षेत त्रिज्येचे सूत्र आहे तसेच लिहावे, गुण त्यालाच मिळतात. ते सूत्र केंद्रक किती मोठे, हे ठीकठाक सांगते. ते कसे दिसते, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर सुरू होतो.